डांबराखाली काय आहे? निपाणीची काळी माती आणि कॅनडाची तेलवाळू

मंडळी, बेंगळुरूहून गावाकडं निघालं की आपल्यापैकी बहुतेकांचा रस्ता एकच. तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड, कित्तूर, बेळगाव. रात्रीच्या बसने जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. पण कधी दिवसा गाडी चालवत गेलात तर कडेच्या मातीचे रंग बघा. हुबळीच्या आसपास काळी, धारवाड-कित्तूरला तांबडी, बेळगावात आणि तिथून दक्षिणेला खानापूरकडे जांभ्याचा लालपणा. पुढे हत्तरगी, संकेश्वर करत निपाणीकडे सरकलं की पुन्हा काळी. तवंदी घाटात डोंगर कापलाय तिथे मुरूम आणि काळा दगड दिसतो, आणि घाट उतरला की खाली काळीभोर रानं. तंबाखू आणि ऊस याच मातीनं दिला. आमच्या गावचा रस्ताही दरवर्षी हीच माती खाते.

महामार्गाचं तसं बरं चाललंय. त्याच्या खाली भरपूर भराव आहे, पैसाही आहे. खरी गंमत महामार्ग सोडून फाट्यावर वळल्यावर सुरू होते. आमचं गाव निपाणीच्या पूर्वेला, मोठ्या रस्त्यापासून साडेतीन किलोमीटर आत. हे साडेतीन किलोमीटर मी लहान असल्यापासून किती वेळा डांबरी झाले आणि किती वेळा पुन्हा मातीचे झाले, याचा हिशोब आप्पांनाही सांगता येत नाही. नारळ फुटतो, रोलर फिरतो, काळी कुळकुळीत पट्टी चमकते. दुसऱ्या पावसाळ्यात मधोमध भेगा, कडा खचलेल्या. तिसऱ्या वर्षी गुळगुळीत तेवढं राहतं ते मोरीवरचं काँक्रीट.

आधी आम्हीही सगळ्यांसारखं हसून सोडून देत होतो. चार वर्षांपूर्वी आईला डायलिसिस सुरू झालं आणि हसणं थांबलं. आठवड्यातून दोनदा निपाणीला जायचं, चार तास मशीनवर, आणि परत. येताना अंगात त्राण नसतं, अशा वेळी गाडीचा प्रत्येक हिसका लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये रिक्षावाला फाट्यावरच थांबायचा. "वैनी, आत न्हाई येत, एक्सल मोडतंय," म्हणायचा. त्याचंही चूक नव्हतं. मग चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन फाट्यापर्यंत यायचा. डायलिसिस करून आलेलं माणूस ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून घरी येतं, हे बेंगळुरूच्या ऑफिसात बसून फोनवर ऐकायला कसं वाटतं, ते तुमच्यातल्या अनेकांना सांगायला नको.

मी सॉफ्टवेअरवाला. बीई बेळगावला केलं, पण कॉम्प्युटर सायन्समधून. माती-खडीशी संबंध नाही. तो आला तो भलत्याच दिशेने, कॅनडातून.

आमच्या टीमकडे खाणीत चालणाऱ्या अवाढव्य ट्रकांच्या डेटाचं काम आहे. ट्रकच्या सस्पेन्शनमधला दाब, वेग, गिअर, इंजिनावरचा ताण असं सगळं सेकंदासेकंदाला येत असतं. त्यातून ट्रकमध्ये माल किती, टायर किती झिजणार, रस्त्याचा कुठला तुकडा मऊ पडलाय हे काढायचं. हा डेटा ज्या खाणींचा आहे त्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरे नावाच्या गावाजवळ. तिथे जमिनीत आहे तेलवाळू. म्हणजे वाळूच, गारगोटीच्या कणांची, पण प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा आणि त्याबाहेर बिटुमेन. वजनात साधारण दहा-बारा टक्के बिटुमेन. आपण रस्त्यावर जे ओततो आणि सवयीने 'डांबर' म्हणतो, ते हेच. (खरं डांबर कोळशापासून निघतं. आपल्या रस्त्यांवर ते आता नसतंच, नाव तेवढं राहिलंय. कॅनडावालेही या वाळूला कितीतरी वर्षं 'टार सँड' म्हणायचे, तेही तसंच चुकीचं.)

आता ही वाळू खणायची तर तिच्यावरूनच ट्रक न्यावे लागतात. चारी बाजूंना तीच असते, दुसरी जमीन आणायची कुठून? आणि ट्रक तरी केवढे! कॅटरपिलर ७९७ जातीचा एक ट्रक ३६० टन माल घेतो. भरलेला ट्रक ६२० टनांच्या घरात जातो. सहा टायर, म्हणजे एका टायरवर सुमारे शंभर टन. आपल्याकडे रस्ता आखताना जो प्रमाण एक्सल धरतात तो ८.१६ टनांचा, त्याला चार टायर, एका टायरवर दोन टन. म्हणजे तिथलं एक चाक इथल्या पन्नास चाकांएवढं.

हिवाळ्यात उणे तीसला ही वाळू दगड होते, खणणाऱ्या यंत्राचे दात झिजवते. उन्हाळ्यात मात्र ऊन तापलं की तीच वाळू चाकाखाली लिबलिबते, ट्रक गेला की जमीन लाटेसारखी हलते, चाकोऱ्या पडतात. तेव्हा प्रश्न असा, की ही नैसर्गिक तेलवाळू रस्त्याचा पाया म्हणून चालेल का, आणि चालेल तर कुठल्या दिवशी किती? इलिनॉय विद्यापीठात एरोल टुटुमलुअर आणि त्यांचे विद्यार्थी जोसेफ अनोची-बोआतेंग यांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. कमी-जास्त बिटुमेनच्या तेलवाळूचे नमुने घेतले, वेगवेगळ्या तापमानाला ठेवले आणि ट्रकचं चाक जसं येतं-जातं तसा भार त्यांच्यावर पुन्हा पुन्हा टाकून बघितला. त्यांचे निबंध मी कामासाठी म्हणून उघडले आणि गावासाठी म्हणून संपवले.

त्यांनी मोजलं काय, ते नीट सांगायला हवं, कारण मुद्दा तिथेच आहे.

कणीक मळून ठेवलीय, तिच्यात बोट दाबा आणि सोडा. थोडी वर येते, थोडा खळगा राहतो. वर येतं ते लवचीकपण. खळगा राहतो ती कायमची खोड. रस्त्याखालच्या मातीचं असंच असतं. चाक आलं, माती दबली, चाक गेलं, बरीचशी परत वर आली, केसाएवढी दबलेली राहिली. हे सेकंदाच्या दहाव्या भागात होतं आणि दिवसातून शेकडो वेळा होतं. दाबाला परत आलेल्या दबणुकीने भागलं की जो आकडा मिळतो तो मातीचा ताठरपणा. इंजिनिअर त्याला रेझिलियंट मॉड्युलस म्हणतात. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात हॅरी बोल्टन सीड यांनी ही कल्पना पुढे आणली आणि १९८६ साली अमेरिकेच्या रस्ता-रचनेच्या मार्गदर्शिकेत ती अधिकृत झाली.

ताठरपणा म्हणजे मजबुती नव्हे. पापड ताठ असतो, पण मजबूत नसतो. रबरी चप्पल मजबूत, पण ताठ नाही. रस्त्याला खालून दोन्ही लागतात, आणि पहिला घोटाळा ताठरपणाचा होतो. गादीवर फरशी ठेवून तिच्यावर उभे राहा. गादी फाटत नाही, फरशी तुटते. डांबराचा थर ही ती फरशी. खालची माती जरा जास्त लवली की थर वाकतो, वाकला की त्याचा तळ ताणला जातो, हजारो वेळा ताणला की तळातून भेग निघते आणि वर येते. मग मगरीच्या पाठीसारखी नक्षी दिसते. ती दिसली की आपण म्हणतो, 'डांबर खराब वापरलं.' कधी कधी ते खरं असतंही. पण कितीतरी वेळा फरशी चांगली असते आणि गादीच वाईट असते.

तेलवाळूच्या चाचण्यांत जे निघालं ते ऐकायला साधं आहे. तापमान वाढलं की ताठरपणा घटतो. भार हळूहळू आला, म्हणजे ट्रक रेंगाळला, तरी घटतो. चहूबाजूंनी आवळून धरलं तर वाढतो. थोडक्यात, या वाळूचा ताठरपणा असा एक आकडा नाहीच. तो विचारताना 'कुठल्या दिवशी, कुठल्या भाराखाली' हेही विचारावं लागतं. जानेवारीत चाचणी घेऊन जुलैचा रस्ता आखला तर ट्रक बुडणार.

हे वाचलं आणि मला आमचा ओढ्याकाठचा तुकडा दिसला. तिथे बिटुमेन नाही आणि उणे तीसही नाही, पण जानेवारी आणि जुलै आहेत. तिथे जे उष्णता करते ते आपल्याकडे पाणी करतं.

काळी माती, कन्नडमध्ये जिला 'एरे' म्हणतात, ती दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण म्हणजे वहीच्या पानांसारखे थर, आणि पानापानांत पाणी शिरतं. शिरलं की माती फुगते, गेलं की आकसते. एप्रिलमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते यामुळेच. शेतकऱ्याला ते सोयीचं. रान आपोआप नांगरल्यासारखं होतं, ओल धरून ठेवतं. रस्त्याला मात्र हीच माती घात करते. त्यातही फसवी गोष्ट अशी, की उन्हाळ्यात ती खडकासारखी असते. मेमध्ये कुदळ मारली तर ठिणगी उडेल. आणि आपल्याकडे रस्त्याचं सर्वेक्षण कधी होतं? मार्च-एप्रिलमध्ये. आर्थिक वर्ष संपत असतं, रानं मोकळी असतात, साहेबांची गाडी आत येऊ शकते.

नियमावलीवाल्यांना हे कळलेलं नाही असं मुळीच नाही. आपल्याकडे मातीची जी मुख्य चाचणी आहे, सीबीआर, तीत नमुना चार दिवस पाण्यात बुडवूनच ठेवतात. मग ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला सव्वा मिलिमीटर अशा संथ गतीने तीत घुसवतात. अडीच मिलिमीटर घुसायला फोडलेल्या खडीत १३७० किलो लागतात, तुमच्या मातीत किती टक्के लागले तो सीबीआर. कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्यात ओ. जे. पोर्टर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने धावपट्ट्यांसाठी ती जगभर नेली. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर दोन-तीन-चार टक्के येतो. म्हणजे खडीत १३७० किलो लागतात तिथे हिच्यात चाळीस-पन्नास किलो.

सीबीआर ही मजबुतीची चाचणी आहे, ताठरपणाची नव्हे. ती एकदाच, हळू दाबते. पण स्वस्त आहे, सगळीकडे होते. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने तिच्यावरून ताठरपणा काढायचं सूत्र दिलंय. पाच टक्क्यांपर्यंत सीबीआरला दहाने गुणा, उत्तर मेगापास्कलमध्ये. त्यापुढे १७.६ गुणिले सीबीआरचा ०.६४ वा घात. तीन टक्क्यांची काळी माती ३० मेगापास्कल; दहा टक्क्यांचा मुरूम ७७. आकडे लक्षात ठेवायची गरज नाही. अडीचपट फरक आहे एवढं पुरे, आणि तो फरक जमिनीवर दोनशे-तीनशे मीटरवर मिळतो. आमच्या गावात ओढ्याकाठी पुरुषभर काळी आहे आणि देवळाच्या टेकाडावर वीतभर माती खणली की मुरूम लागतो. टेकाडावरचा डांबराचा तुकडा मी शाळेत होतो तेव्हापासून तसाच आहे. त्याच ठेकेदाराचा, त्याच डांबराचा.

आता भाराची बाजू. इथे निपाणी-चिकोडी भागाची खास अडचण आहे आणि ती मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही, घरी बघितली. पाऊस ऑक्टोबरात आवरतो. वरून रस्ता सुकल्यासारखा दिसतो. पण काळी माती पाणी लवकर सोडत नाही, आणि डांबराच्या झाकणाखाली तर नाहीच. ती आतून ओलीच असते, आणि नेमका तेव्हा कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाची मोळी ट्रॉलीच्या कठड्यावर चढवलेली, टेप लावलेला, रात्रभर ये-जा. वर्षातला सगळ्यात जड भार, वर्षातल्या सगळ्यात मऊ पायावर. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये इलिनॉयमध्येच मुद्दाम रस्ते बांधून, त्यांच्यावर ट्रक फिरवून एक मोठा प्रयोग झाला होता. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की एक्सलचं वजन वाढलं की रस्त्याची झीज त्याच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट तर झीज सोळापट. २०१८ मध्ये आपल्याकडे ट्रकच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली, म्हणजे वजनात पावणेतेरा टक्के वाढ. त्याचं गणित करा, झीज साठ टक्क्यांनी वाढते. आणि हे झालं कायद्यातलं वजन. उसाची ट्रॉली कायद्यात कधी बसली?

ऊसवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. आमचाही ऊस त्याच ट्रॉलीतून जातो, आणि तोड आली की थांबायची सोय नसते.

तर दोन वर्षांपूर्वी रस्ता पुन्हा मंजूर झाला. पैसे ठरलेले, लांबी साडेतीन किलोमीटर. गावची मागणी नेहमीचीच, डांबर जाड घाला. या वेळी खात्याकडून आलेली इंजिनिअर तरुण मुलगी होती, मूळची विजापूरकडची, मराठी मोडकं पण बोलायची हौस. काळ्या मातीशी तिची घरचीच ओळख. मी तेव्हा घरी होतो. तिला विचारलं, "पायाची चाचणी कधी झालीय?" तिने कागद बघितला आणि जरा हसून म्हणाली, "एप्रिल. एक ठिकाण. तुमच्या टेकाडावर."

तिथून आमचं जमलं. तिच्याकडे एक साधं हत्यार होतं, डायनॅमिक कोन पेनिट्रोमीटर. नाव मोठं, वस्तू पहारीसारखी. टोकाला साठ अंशांचा, वीस मिलिमीटर व्यासाचा शंकू, वर आठ किलोचा हातोडा, तो ५७५ मिलिमीटरवरून सोडायचा आणि दर ठोक्याला दांडा किती आत गेला ते लिहायचं. दोन माणसं, एक वही. एका ठोक्याला २० मिलिमीटर गेला तर सीबीआर दहाच्या आसपास, ६० गेला तर तीनच्या. मोठ्या रस्त्यांसाठी याहून फार शहाणी यंत्रं आहेत. फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर म्हणून एक असतं, ते सुमारे चार टनांचा धक्का ३०० मिलिमीटरच्या तबकडीवर देतं आणि आजूबाजूला जमीन किती मायक्रॉन लवली ते सेन्सर टिपतात. लवणुकीच्या त्या वाटीवरून कुठला थर किती ताठ हे उलटं शोधायचं. त्यासाठी आयआयटी खरगपूरच्या लोकांनी केजीपीबॅक नावाचं सॉफ्टवेअर लिहिलंय, जनुकीय अल्गोरिदम वापरून. परिणाम दिसतोय, कारण शोधायचं, आणि एकाच परिणामाला चार कारणं बसू शकतात; हे म्हणजे आमचं रोजचंच डीबगिंग. त्याच्यावर मी दोन पानं लिहू शकतो, पण संपादक कापतील. गावच्या रस्त्याला ती गाडी येत नाही. पहार येते.

मेच्या शेवटी आम्ही सगळ्या लांबीवर, दर शंभर मीटरला, साइडपट्टीलगत ठोकत गेलो. मागे पोरांची जत्रा. ओढ्याकाठीसुद्धा दांडा जाता जाईना. अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, बघायला आले होते. ते म्हणाले, "बघा की, दगड हाय नुसता. खरं तुम्ही कशाला घाम गाळालाय?" (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे इथल्या पुण्याच्या मंडळींना दरवेळी सांगावं लागतं.) मग ऑगस्टच्या शेवटी त्याच खुणांवर पुन्हा ठोकलं. टेकाडावर आकडे जवळजवळ तेच. ओढ्याकाठी मात्र दांडा पहिल्या दोन-तीन ठोक्यांतच असा सरकला, की हातोडा उचलायच्या आधी तो स्वतःच्या वजनानेच खाली जातोय असं वाटावं. अण्णांनी स्वतः हातोडा घेऊन दोनदा टाकून बघितला. काही बोलले नाहीत. पण ग्रामसभेत आमच्या बाजूने पहिले तेच उभे राहिले.

ग्रामसभा सोपी नव्हती. इंजिनिअरबाईंचा प्रस्ताव असा: आहे त्या पैशात साडेतीन किलोमीटर डांबर घातलं तर ओढ्याकाठचे बाराशे मीटर दोन वर्षांत जातील. त्याऐवजी ते बाराशे मीटर नीट करू. वरची काळी माती काढून उरलेल्या काळीत चुना मिसळून दाबायची, तिच्यावर टेकाडाच्या पलीकडच्या खाणीतला मुरूम टाकून रस्ता रानापेक्षा उंच उचलायचा, ओढ्यावरची मोरी रुंद करायची, दोन्ही बाजूंना गटार, मग खडी आणि डांबर. पण मग शेवटच्या अकराशे मीटरला, मळ्यातल्या वस्तीपर्यंत, पैसे उरत नाहीत. तिथे नुसता मुरूम आणि खडी.

चुन्याचं नाव निघाल्यावर हशा झाला. निपाणीत तंबाखूला चुना लागतो, आता मातीलाही मळून द्या, असं कोणीतरी ओरडलं. खरं तर उपमा वाईट नव्हती. वजनाच्या तीन ते पाच टक्के चुना काळ्या मातीत नीट कालवला की त्यातलं कॅल्शियम मातीच्या थरांना चिकटतं, कण गुठळ्या धरतात, पाणी पिण्याची खोड कमी होते, आणि पुढे काही आठवडे माती हळूहळू ताठ होत जाते. पण मिसळणं नीट झालं पाहिजे आणि मुरायला दिवस मिळाले पाहिजेत. घाईचं काम नाही.

वस्तीवरची पंधरा-वीस घरं. त्यांच्यातला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "म्हंजे तुमच्या पायासाठी आमचं डांबर." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या आईची रिक्षा घरापर्यंत यावी म्हणून मी बोलतोय, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्याच वस्तीवर शाळेत जाणाऱ्या मुली आहेत, त्यांना ते अकराशे मीटर चिखलातूनच जायचं. चाचणीचे आकडे सांगतात की पैसा कुठे टाकला तर टिकेल. पैसा कोणाच्या दारापुढे टाकायचा हे ते सांगत नाहीत. तासभर भांडण झालं. शेवटी वस्तीचं काम पुढच्या टप्प्यात पहिलं, असं ठरावात लिहून घेऊन मंजुरी झाली.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत झालं. उसाच्या ट्रॉल्या तेवढा हंगाम दुसऱ्या गाडीवाटेने काढल्या, त्यावरूनही भांडणं झाली. मुरूम दाबताना पाणी मोजून मारायला लावलं. एक दिवस टँकर आला नाही म्हणून रोलर उभा राहिला, आणि ठेकेदार त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

इथे तेलवाळूची एक जुनी गोष्ट सांगायचा मोह होतो. कार्ल क्लार्क नावाचे रसायनशास्त्रज्ञ आधी ओटावाला सरकारी खाण विभागात रस्त्याच्या मालावर काम करायचे. कॅनडाच्या सपाट प्रांतांतले रस्ते चिकणमातीचे, पाऊस पडला की लगदा, गाड्या फसायच्या. आपल्या काळ्या मातीचीच कहाणी. क्लार्कना वाटलं, अल्बर्टाच्या वाळूतलं बिटुमेन वेगळं काढून या मातीत मिसळलं तर तिला पाणी लागणार नाही. १९२० साली ते एडमंटनला विद्यापीठात आले आणि गरम पाण्याने वाळूतून बिटुमेन सोडवायची पद्धत त्यांनी बसवली. त्यांच्याआधी १९१५ मध्ये सिडनी एल्स यांनी ही वाळू एडमंटनला आणून रस्त्याचे तुकडे करून बघितले होते. पुढे क्लार्कच्या त्याच पद्धतीवर प्रचंड तेलउद्योग उभा राहिला. १९६७ मध्ये पहिला मोठा कारखाना सुरू झाला. म्हणजे ज्या तेलवाळूवर आज सहाशे टनांचे ट्रक फिरतात, तिच्यामागे लागलेल्या एका माणसाला मुळात चिखलातून गाडी बाहेर काढायची होती.

आमच्या रस्त्याला आता दोन पावसाळे झाले. ओढ्याकाठचा तुकडा शाबूत आहे. एका जागी कडेला लांब भेग आलीय. काळ्या मातीचा आकस बाजूने आत शिरतो. मधली माती ओल धरून असते आणि कडेची सुकते, त्यामुळे भेग नेमकी कडेनेच जाते. ती वेळेवर डांबराने भरायला लागेल. गटार दोन ठिकाणी शेतकऱ्यांनी बुजवून बांध केलाय, त्यात एक बांध आमच्याच भावकीचा. रिक्षा दारात येते. आई आता घरातून खुर्चीवरून उठून चार पावलं चालते आणि रिक्षात बसते. येताना झोपलेली असते, असं आप्पा सांगतात.

वस्तीचा पुढचा टप्पा अजून आलेला नाही. इंजिनिअरबाईंची बदली झाली, पण जाताना पहार कुठून भाड्याने मिळते ते सांगून गेल्या. या सप्टेंबरात मी आणि चुलतभावाने वस्तीच्या अकराशे मीटरवर दर पन्नास मीटरला ठोकलं. अकराशेपैकी चारशे मीटर काळी आहे, बाकीचा मुरमाड पट्टा बरा निघाला. म्हणजे वाटलं होतं त्याहून खर्च कमी. आकडे, खुणांचा नकाशा आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून अर्ज दिलाय. ठरावाची ती प्रत म्हाताऱ्याने स्वतःच्या पेटीतून काढून दिली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली.